किरण बाई की बाप्या? : एका प्रतिक्रियेला लांबलचक उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचली, तिथंच खाली दोन ओळी खरडायला बसले आणि ते एवढं वाढत गेलं की म्हटलं वेगळंच टाकावं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी किरण, कमल, शशी, सुमन अशी बाईलाही चालणारी आणि बाप्यालाही चालणारी नावं घेऊन त्या त्या नावाच्या प्रसिद्ध माणसांबद्दल लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं की नावाला लिंग असतं, किरण म्हणजे पोरगा, कमल म्हणजे पोरगी, त्याची खिचडी करणं हे पुण्या-मुंबईचं नवं फॅड आहे. शिवाय सीमाभागाचा ब्लॉग म्हणून वाचायला यावं तर इथं बेदी, मित्तल, थरूर यांची वरात. आणि नुसतं नाव सारखं म्हणून माणसं गोळा करणं हा रिकामटेकडेपणा.

रिकामटेकडेपणाचं पहिल्यांदा उरकते. आहेच की. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर लिहिलेली पोस्ट होती ती, त्यातनं कुणाचं पोट भरायचं नव्हतं.

पण फॅड? नवं? काका, तुम्ही बेळगावचे, चैत्रात जोतिबाला सासनकाठ्या जातात ते बघत मोठे झालेले, तुम्ही असं म्हणावं? आज ज्योती म्हटलं की मुलगी. पण आपल्या गावागावात जोतिबा, जोतिराम नावाचे म्हातारे धोतर-पटक्यात बसलेले असतात त्यांना कुणी विचारलं का की हे बायकी नाव कसं काय घेतलंत म्हणून? जोतिराव फुल्यांचा जन्म 1827 सालचा, नाव जोतिबावरनं. तिकडं बंगालात ज्योती बसू 1977 ते 2000 मुख्यमंत्री होते, त्यांना कुणी ज्योतीताई म्हटलं नाही. म्हणजे एकच नाव, कुठल्या मुलखात आणि कुठल्या पिढीत घेताय त्यावर ते लुगडं नेसणार की धोतर हे ठरतं. मला त्या पोस्टमध्ये एवढंच म्हणायचं होतं, आणि ते सगळ्यात स्वच्छ दिसतं ते आपल्यासारख्या ठिकाणी, जिथं दोन मुलखांच्या रीती एकाच गल्लीत राहतात.

कमलचंच घ्या. आपल्याकडं कमल ही शंभर टक्के बाई. कमल रणदिवे, कॅन्सरवर संशोधन केलेल्या, 1982 साली पद्मभूषण मिळालेल्या. आणि कमल देसाई, मराठीतल्या एवढ्या मोठ्या लेखिका (1928–2011), त्या कुठल्या माहिताय? यमकनमर्डीच्या. आपला हुक्केरी तालुका. पुणे-बेंगळूर हायवेवरनं जाताना यमकनमर्डीचा फाटा लागतो तेव्हा किती जणांना हे आठवतं कुणास ठाऊक. तेव्हा सीमाभाग कुठाय म्हणून विचारू नका, पोस्टीत दुसऱ्याच परिच्छेदात होता, तुम्ही बेदीवर अडकलात.

आता हेच कमल घेऊन उत्तरेत जावा, कमलनाथ. दक्षिणेत जावा, कमल हासन. नेपाळात जावा तर पुष्पकमल दहाल, प्रचंड म्हणतात ते, तीनदा पंतप्रधान झालेले, आणि नावात आपल्याकडच्या दोन मावश्या, एक पुष्पा नि एक कमल!

आमच्या वडगावच्या आत्याचं नाव कमल. मतदार यादी कन्नडमध्ये येते हे तुम्हाला माहिताय. कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटचा अ उच्चारतात, त्यामुळं आपण लिहितो तसं कमल लिहिलं तर ते कमला असल्यासारखं वाचतात, आणि आपल्यासारखा तुटका उच्चार पाहिजे असेल तर ल चा पाय मोडावा लागतो, कन्नड पेपरात कमल हासनचं नाव छापतात तसं. तर यादी टाइप करणाऱ्यानं आत्याचा उच्चार अगदी बरोबर पकडला, ल चा पाय मोडला, आणि मग त्याच्या डोळ्यासमोर हासनच आला असणार, लिंगाच्या खान्यात पडलं पुरुष. शेजारी फोटो नऊवारीतला, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. आम्ही घरातले सगळे फॉर्म 8 भरूया, दुरुस्ती करूया म्हणून धावाधाव करायलोय तर आत्या चप्पल घालून दारात उभी, म्हणाली, "मत घालायला बाई काय नि बाप्या काय, घालून येतो मी." आणि आली घालून. (फॉर्म नंतर भरला, दुरुस्त होऊन आलं.)

ते "येतो मी" मुद्दाम तसंच ठेवलंय. आपल्याकडच्या बायका "मी जातो", "मी आलो", "मी जेवलो" असंच बोलतात की, बेळगाव, निपाणी, तिकडं कोल्हापूरपर्यंत. पुण्याच्या सुना पहिल्यांदा ऐकल्या की तोंडाला पदर लावून हसतात. माझी स्वतःची आई अख्खं आयुष्य असंच बोलली, मी लिहिताना मात्र शाळेतल्या बाईंच्या भीतीनं "आले, गेले" लिहिते. सांगायचं काय, जिथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना बाप्याचं क्रियापद वापरतात आणि कुणाच्या बाईपणाला काही धक्का लागत नाही, तिथल्या माणसानं नावाच्या लिंगावरनं एवढं तापावं याचं मला नवल वाटलं.

बरं, एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे आणि ती तुम्ही लिहिलेली नाही म्हणून मीच लिहिते. मराठीत तिसऱ्या माणसाबद्दल बोलायचं तर लिंग माहीत असल्याशिवाय वाक्यच पुढं सरकत नाही. किरण आले की किरण आल्या? मान देऊन बोललात तरी सुटका नाही. कन्नडात अरेतुरे करायचं तर बंदा नि बंदळु वेगळं, पण मान दिला की दोघांनाही बंदरु, काम झालं. म्हणजे बेंगळूरहून कुणी किरण नावाचे अधिकारी बदलून यायलेत अशी बातमी आली तर कन्नड पेपरवाला निवांत छापून मोकळा होईल आणि आपल्या मराठी पेपरवाल्याला आधी फोन करून विचारावं लागेल, साहेब आहेत की मॅडम. तुमची चिडचिड तिथनं आलेली असू शकते. पण मग तो दोष किरणचा नाही.

आणि कन्नड मुलखानं यावर जुना तोडगा काढून ठेवलाय तो तर आपण मराठ्यांनीही उचललाय. मूळ नाव एकच, शेपूट बदलायचं. मल्लाप्पा–मल्लव्वा, बसाप्पा–बसव्वा, निंगाप्पा–निंगव्वा, यल्लाप्पा–यल्लव्वा. मराठी घरातसुद्धा कल्लाप्पा, यल्लाप्पा किती आहेत ते कुठल्याही गावच्या सोसायटीची सभासद यादी काढून बघा. किंवा कित्तूरची राणी चन्नम्मा घ्या, काकतीत जन्मलेली, 1824 साली इंग्रजांशी लढलेली. तिच्या नावातला चन्न बाप्याला लावला की चन्नप्पा, चन्नबसप्पा. नाव ना बाईचं ना बाप्याचं, अप्पा-अव्वा लागेपर्यंत ते नुसतं देवाचं. आपण शिकल्यासवरल्यावर शेपट्या कापून टाकल्या, राव गेला, बाई गेली, मग आता कळेना म्हणून ओरडायलोय.

आडनावाचं तुम्ही विचारलंत की आडनाव तर बाई-बाप्याला सारखंच, त्यात काय विशेष. बरोबर, पण देसाई बघा ना. देसाई म्हणजे मुळात वतनाचं काम, महसूल गोळा करणारा, म्हणून ते जातीला, भाषेला, मुलखाला कशालाच बांधलेलं नाही. चन्नम्मा ज्या घरात दिली ते कित्तूरचे देसाई, कन्नड. कमल देसाई मराठी. मोरारजी देसाई गुजराती. आणि किरण देसाई, दिल्लीत 1971 साली जन्मलेली, 2006 साली बुकर मिळालेली, इंग्रजीत लिहिणारी. आता कमल देसाई आणि किरण देसाई ही दोन नावं एकाखाली एक लिहा आणि अनोळखी माणसाला दाखवा, त्यातली बाई कुठली, मराठी कुठली, काय म्हणजे काय कळणार नाही. दोघीही बायका आणि दोघीही लेखिका, नात्यानं एकमेकींच्या कुणीही नाहीत. मला असल्या गोष्टीत भारी मजा येते, त्याला तुम्ही रिकामटेकडेपणा म्हणा.

नावाचं आडनाव झालेलाही एक आहे. सुमन म्हटलं की आपल्याला सुमन कल्याणपूर (2023 चं पद्मभूषण, फार उशिरा दिलं). तिकडं तेलुगू सिनेमात सुमन नावाचा दणकट मिशीवाला हिरो होता, पुढं व्हिलनची कामं केली. आणि कलकत्त्याचे गायक सुमन चट्टोपाध्याय, त्यांनी नाव बदलून कबीर सुमन केलं, म्हणजे पहिलं नाव उठून आडनावाच्या पाटावर जाऊन बसलं, 2009 ला जादवपूरमधून खासदारही झाले.

शशीवर तुम्ही फक्त थरूर वाचलात. त्याच्या आधी मी धारवाडच्या शशी देशपांडे लिहिल्या होत्या. नाटककार श्रीरंगांची मुलगी, बाप कन्नडचा दिग्गज आणि ही इंग्रजीत कादंबऱ्या लिहिणारी, 1990 चा साहित्य अकादमी. जन्म 1938. शशी कपूरही 1938 चाच, पण त्याचं खरं नाव बलबीरराज, शशी हे नंतरचं, म्हणजे एवढं मर्दानी नाव सोडून त्यानं आपल्याकडं पोरींना हाक मारायला वापरतात ते नाव पडद्यावर चालवलं आणि पोरी त्याच्यावरच मरायच्या. शांताचंही तसंच, इकडं जुन्या सिनेमातल्या नटी शांता हुबळीकर, तिकडं हिमाचलचे माजी मुख्यमंत्री शांताकुमार.

मित्तल कशाला, तर लक्ष्मीसाठी. बेळगाव ग्रामीणच्या आमदार आणि 2023 पासून मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर, आणि जगातला पोलादाचा एवढा मोठा कारखानदार लक्ष्मी मित्तल. आपल्याकडं पोराला नुसतं लक्ष्मी म्हणत नाहीत, मागं कांत, नारायण काहीतरी जोडतात. मित्तलांचंही पूर्ण नाव लक्ष्मी निवास, पण जग नुसतं लक्ष्मीच म्हणतं, आणि घरात आली ती आलीच की!

राहिला किरण, तुमचा मुख्य राग. किरण म्हणजे पोरगा असं तुम्हाला वाटतं त्याला कारण तुमच्या वयाच्या माणसाला पहिला आठवतो तो विकेटकीपर किरण मोरे, 1992 च्या वर्ल्डकपात मियाँदाद ज्याच्यासमोर बेडकासारख्या उड्या मारत होता तो. किरण नगरकर, आधी मराठीत मग इंग्रजीत लिहिलेले, तेही पुरुष. इस्रोचे अध्यक्ष होते ते किरणकुमार आपल्या कर्नाटकातले. पण 1972 साली पहिली महिला आयपीएस झाली ती किरण बेदी. आणि बेंगळूरच्या किरण मजुमदार-शॉ, यांच्यावर जरा थांबते कारण तुमच्या मुद्द्याचं खरं उत्तर तिथं आहे. ही बाई बिअर बनवायचं शास्त्र शिकली, ऑस्ट्रेलियात जाऊन, 1975 च्या आसपास मास्टर ब्रुअर होऊन परत आली. इथं नोकरी मागायला गेली तर ब्रुअरीवाले म्हणाले हे बायकांचं काम नव्हे. अर्जावर नुसतं किरण वाचून कुणी हो म्हटलंही असतं, पण समोर जाऊन उभं राहिल्यावर दार बंद. मग 1978 साली भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये दहा हजार रुपयांवर बायोकॉन काढली. म्हणजे नाव मोघम असलं म्हणून जग काही फसत नाही काका, जगाला अडवायचं असलं की ते बरोबर ओळखतं. नावानं गोंधळ होतो तो यादीत नि कुरिअरवाल्याचा.

जाता जाता तुम्ही लिहिलंय की नातीचं नाव किरण ठेवायचं सुनेच्या मनात होतं ते तुम्ही हाणून पाडलं आणि अजून नाव ठरलेलंच नाही, सगळे बाळीच म्हणायलेत. मग अजून वेळ गेलेली नाही. जन्म नोंदवताना नाव घातलं नसलं तरी 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नाव नंतर घालता येतं, बारा महिन्यांच्या आत फी नाही, पुढं पंधरा वर्षांपर्यंत लेट फी भरून. सुनेला परत एकदा विचारून बघा. किरणच ठरलं तर दाखला हातात पडल्यावर कौंटर सोडायच्या आधी कन्नडातलं स्पेलिंग आणि लिंगाचा खाना दोन्ही वाचून घ्या, तुम्हाला कन्नड वाचता येत नसेल तर मागं रांगेत कुणीतरी असतंच.