आपल्या आमदाराने कशाला होय म्हटलं, हे कुठे लिहिलंय?

निवडणूक जवळ आली की आमदार-खासदारांचे कार्यअहवाल घरोघरी येतात. गुळगुळीत कागद, पानोपानी भूमिपूजनाचे फोटो, सभामंडप, हायमास्ट दिवे, खेचून आणलेला निधी. कधीकधी तारांकित प्रश्नांची यादीही असते. पण पाच वर्षांत या माणसाने कोणत्या विधेयकाला होय म्हटलं आणि कोणत्याला नाही, हे मला आजवर कुठल्याही पक्षाच्या अहवालात वाचायला मिळालेलं नाही. घटनेने ज्याला कायदे करायला तिथे बसवलं, त्याच्या कायदे करण्याचा हिशेब अहवालात नाही आणि आपणही तो मागत नाही. मला हे फार गंभीर वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

उमेदवार हा हिशेब लपवतात असं माझं म्हणणं नाही. बहुतेक वेळा तो तयारच झालेला नसतो. आपल्याकडे बहुसंख्य विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. पीठासीन अधिकारी विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. दोन्ही बाजूंनी आवाज उठतात. मग "होयचे बहुमत, होयचे बहुमत" आणि कामकाज पुढच्या विषयावर. कार्यवृत्तात विधेयक संमत झाल्याची ओळ येते, कोणी काय मत दिलं ते येत नाही. त्या क्षणी जो बाकावर बसून विधेयक वाचत होता, जो लॉबीत फोनवर बोलत होता आणि जो त्या दिवशी फिरकलाच नाही, असे तिघंही नोंदीत एकसारखे.

१२ नोव्हेंबर २०१४ आठवा. फडणवीसांच्या पहिल्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव. भाजपकडे स्वतःचं बहुमत नव्हतं, शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती आणि राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. सरकार राहणार की जाणार हे ठरवणारा ठराव, आणि तो आवाजी मतदानाने मंजूर झाला. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभाजन, म्हणजे प्रत्येकाचं मत मोजून नोंदवणारं मतदान, मागितलं. मागणी वेळेत आली की उशिरा, यावर पुढे बराच वाद झाला. त्या वादात मला पडायचं नाही. पण राष्ट्रवादीच्या एकेका आमदाराने त्या दिवशी सरकारच्या बाजूने मत दिलं, विरोधात दिलं की तो गप्प बसला, याची नावानिशी नोंदच झाली नाही. काही आठवड्यांपूर्वीच ज्यांनी त्यांना भाजपच्या उमेदवाराविरुद्ध निवडून दिलं होतं, त्या मतदारांचा हे जाणून घ्यायचा हक्क होता.

२० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकांचं तेच झालं. विरोधक मतविभाजन मागत होते, सभागृहात गोंधळ होता, विधेयकं आवाजी मतदानाने संमत झाली. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले. २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे मागे घेणारं विधेयकही दोन्ही सभागृहांतून चर्चेविना, आवाजी मतदानाने गेलं. देश ज्या कायद्यांवरून दोन तट पडून भांडला, त्यांच्यावर राज्यसभेतल्या एकेका सदस्याने येताना काय केलं आणि जाताना काय केलं, हे नावानिशी सांगता येत नाही.

वेळ वाचवण्याचं कारण दिलं जातं. लोकसभेत मतविभाजन कसं होतं ते पाहा. लॉबी रिकाम्या केल्या जातात, दारं बंद होतात, घंटा होते. सदस्य एका हाताने मतदानाची कळ आणि दुसऱ्या हाताने बटण दाबून धरतो: होयला हिरवं, नाहीला लाल, तटस्थ असेल तर पिवळं. यंत्राने काही चुकवलं तर चिठ्ठी देऊन दुरुस्ती. अध्यक्ष आकडे वाचतात ते "दुरुस्तीच्या अधीन राहून". सगळं काही मिनिटांत आटोपतं, आणि नावांची यादी कार्यवृत्तात छापली जाते. पण लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये एक पळवाटही आहे. मतविभाजनाची मागणी अनावश्यक आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं करून नुसती डोकी मोजू शकतात, आणि तशा वेळी नावं नोंदवली जात नाहीत. म्हणजे आकडा मिळतो, जबाबदार माणूस मिळत नाही.

आता दुसरा भाग, माझ्या मते अधिक खोल. समजा, उद्यापासून प्रत्येक मत नोंदवायला लागले. त्या नोंदीतून आपल्याला आमदाराची भूमिका कळेल का? फारशी नाही. कारण ते मत त्याचं नसतं.

१९६७ मध्ये हरियाणात गया लाल नावाच्या आमदारांनी इतक्या झटपट पक्ष बदलले की "आयाराम गयाराम" हा शब्द देशाला मिळाला. त्या काळात सरकारं अशीच पडत होती. त्यावर उपाय म्हणून १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आली. पक्षाने व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षादेश, बजावला आणि सदस्याने त्याविरुद्ध मत दिलं, किंवा नुसता तटस्थ राहिला, तरी त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. व्हिप कशावर काढायचा याला मर्यादा नाही. विश्वासदर्शक ठराव असो की एखाद्या विद्यापीठाच्या कायद्यातली किरकोळ दुरुस्ती, पक्षादेश तो पक्षादेश.

यातून पक्षांतर थांबलं का, हे महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. थांबलं ते एकट्याने नाही म्हणणं. २००३ च्या दुरुस्तीने एकतृतीयांश फुटीची सवलत काढली आणि दोनतृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाची ठेवली. परिणाम असा, की एका विधेयकावर प्रामाणिक मतभेद असलेल्या एकट्या आमदाराची आमदारकी धोक्यात, आणि जमावाने पक्ष सोडणाऱ्यांना मार्ग मोकळा. म्हणून "आमचे साहेब शंभर टक्के पक्षनिष्ठ आहेत" या वाक्याला मी किंमत देत नाही. जिथे वेगळं मत देण्याची किंमत खुर्ची आहे, तिथे शंभर टक्क्यांतून निष्ठाही कळत नाही आणि विचारही कळत नाही.

निष्ठा म्हणजे कोणाशी, हा प्रश्नही आपण जवळून पाहिला. ३ जुलै २०२२, विधानसभा अध्यक्षपदाची निवडणूक. शिरगणती झाली, एकेक सदस्य उभा राहून आपलं नाव आणि क्रमांक सांगत होता. राहुल नार्वेकर १६४, राजन साळवी १०७. इतकी स्वच्छ, नावनिशीवार नोंद आपल्याकडे क्वचित होते. तरीही शिवसेनेच्या आमदारांपैकी पक्षादेश कोणी मोडला याचं उत्तर त्या नोंदीत नव्हतं, कारण पक्ष फुटला होता आणि व्हिप बजावणारे प्रतोद दोन होते, ठाकरे गटाचे सुनील प्रभू आणि शिंदे गटाचे भरत गोगावले, आणि व्हिपही दोन. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही, आणि गोगावलेंना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा होती. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष नार्वेकरांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना असा निर्णय दिला, गोगावलेंची नियुक्ती वैध धरली आणि दोन्ही बाजूंच्या एकाही आमदाराला अपात्र ठरवलं नाही. दीड वर्षाने कळलं की परस्परविरोधी मतं देऊनही आमदारकी कोणाचीच जात नाही.

ब्रिटनमध्ये व्हिपची पद्धत आपल्यापेक्षा कितीतरी जुनी आहे आणि दबावही भरपूर असतो. पण १८ मार्च २००३ ला इराक युद्धाच्या प्रश्नावर मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी आपल्याच पंतप्रधानांच्या भूमिकेविरुद्ध मत दिलं आणि ते खासदार राहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटवरून बोरिस जॉन्सन यांनी हुजूर पक्षाच्या २१ खासदारांना संसदीय पक्षातून काढलं, तरी त्यांची जागा कायम होती. पुढच्या निवडणुकीत काय व्हायचं ते मतदार ठरवणार. काही प्रश्नांवर तर पक्ष व्हिप काढतच नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये इच्छामरणाच्या विधेयकावर असंच मुक्त मतदान झालं, ३३० विरुद्ध २७५, आणि दोन्ही बाजूंना सगळ्या प्रमुख पक्षांचे लोक होते. अशा मतदानातून माणूस दिसतो. त्याला काय वाटतं, त्याच्या मतदारसंघाला काय वाटतं, त्याने कोणाचं ऐकलं, हे सगळं विचारता येतं.

अमेरिकेत तर एकेका मताचा पाठलाग होतो. १४ सप्टेंबर २००१ ला, हल्ल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, लष्करी बळाच्या वापराला परवानगी देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ असा मंजूर झाला. तो एक म्हणजे बार्बरा ली. त्यांना धमक्या आल्या, पण कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या मतदारांनी त्यांना पुढेही वर्षानुवर्षं निवडून दिलं. तिथे पक्षनिष्ठेच्या टक्केवाऱ्याही काढतात. त्या मला उपयोगी वाटतात, पण जपून वापरायच्या. मतदानाला काय आणायचं आणि काय नाही, हे मुळात बहुमतवाल्यांचं नेतृत्व ठरवतं. ज्यावरून पक्षात फूट पडेल ते विधेयक पटलावर येऊच दिलं नाही, तर निष्ठेचा आकडा आपोआप चढतो.

नोंद असली तरी ती वाचावी लागते, हेही मान्य केलं पाहिजे. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, त्यामुळे तिथे मतं मोजावीच लागतात. २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं मंजूर झालं. विरोधातली दोन मतं एमआयएमची, असदुद्दीन ओवेसी आणि आपल्या औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांची. नुसता आकडा पाहणारा म्हणेल, हे दोघे महिलांच्या विरोधात. त्यांचा आक्षेप ओबीसी आणि मुस्लिम महिलांना वेगळा वाटा नाही हा होता. तो पटो न पटो, त्यांच्या भाषणाशिवाय त्या लाल मताचा अर्थ लागत नाही.

डिसेंबर २०१९ चं नागरिकत्व दुरुस्ती विधेयक तर अभ्यासाला घ्यावं असं. ९ डिसेंबरला लोकसभेत शिवसेनेच्या खासदारांनी बाजूने मत दिलं. ११ ला राज्यसभेत त्याच पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. महाविकास आघाडीचं सरकार येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. विधेयक तेच, पक्ष तोच. यातून नागरिकत्वाविषयी या पक्षाची भूमिका काय, हे मला सांगता येत नाही. आघाडी सांभाळण्याची धडपड मात्र स्पष्ट दिसते. सभात्याग हे आपल्याकडचं सगळ्यात सोयीचं मत आहे. विरोध केल्यासारखा दिसतो आणि विरोधातल्या मतांत एकाचीही भर पडत नाही.

१० जुलै २०२५ ला विधानसभेत जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं तेव्हा माकपचे विनोद निकोले हे विरोध नोंदवणारे एकमेव आमदार ठरले. बाहेर याच कायद्याविरुद्ध विरोधी पक्षांनी जोरदार भूमिका घेतल्या. विधेयक चांगलं की वाईट, यावर वेगळी चर्चा होऊ शकते. पण मतविभाजन झालं असतं, तर भाषणात शंका, रस्त्यावर विरोध आणि मताच्या वेळी शांतता, असं कोणालाही करता आलं नसतं.

पक्षनिष्ठा वाईट नाही, हेही मी मनापासून मानतो. आपल्यापैकी बहुतेकजण चिन्ह पाहून मत देतात. जाहीरनामा पक्षाचा असतो, आणि प्रत्येक आमदार मनाला येईल तसं वागला तर त्या जाहीरनाम्याला अर्थ उरणार नाही. सरकार पाडण्यासाठी मतं विकली जातात हा भूतकाळही खोटा नाही. म्हणून व्हिप सरसकट काढून टाका असं मी म्हणणार नाही. विश्वास-अविश्वास ठराव आणि अर्थसंकल्प यांपुरता तो ठेवा, बाकी विधेयकांवर सदस्याला मोकळं करा. हे काही मी शोधलेलं नाही. १९९० मध्ये निवडणूक सुधारणांवरच्या दिनेश गोस्वामी समितीने असंच सुचवलं होतं. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात दहावी अनुसूची वैध ठरवतानाच सर्वोच्च न्यायालयाने व्हिपचा हा अधिकार सरकारचं अस्तित्व आणि पक्षाचं मूलभूत धोरण एवढ्यापुरता असावा अशी दिशा दाखवली होती. काँग्रेसचे खासदार मनीष तिवारींनी २०१० मध्ये याच आशयाचं खासगी विधेयक मांडलं होतं. कुठल्याच सरकारने हे मनावर घेतलं नाही, कारण प्रत्येक पक्षाच्या नेतृत्वाला मुठीतले आमदार हवे असतात.

घटनादुरुस्ती व्हायची तेव्हा होईल. मतांची नोंद करायला तिची गरज नाही. प्रत्येक विधेयकाच्या अंतिम मंजुरीला नावनिशी मतदान, आणि ती यादी त्याच संध्याकाळी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर, मराठीत, मतदारसंघाप्रमाणे शोधता येईल अशी. हे नियमांत बदल करून होऊ शकतं. तोवर विरोधी बाकांवरचा आमदार एवढं तर करू शकतो, की महत्त्वाच्या विधेयकाला उभं राहून वेळेवर मतविभाजन मागायचं, सभात्याग करून बाहेर पायऱ्यांवर घोषणा द्यायच्या नाहीत.

दहाव्या अनुसूचीत आणखी एक तरतूद आहे, तिच्याविषयी कोणी बोलत नाही. व्हिप मोडलेल्या सदस्याला पक्ष १५ दिवसांत माफ करू शकतो, आणि माफ केलं तर त्याचं सदस्यत्व जात नाही. म्हणजे वेगळं मत सहन करायला पक्षांना कायद्याने आजही अडवलेलं नाही. तुमच्या आमदारांचा कार्यअहवाल येईल तेव्हा त्यांना एवढंच विचारा: तुमच्या पक्षाने गेल्या पाच वर्षांत असं कोणाला, कोणत्या विधेयकावर माफ केलं?