गळ्यात रिंग घालून बाळ तरंगवायच्या त्या फॉरवर्डबद्दल

काल रात्री धाकट्या बहिणीने एक व्हिडिओ पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं होतं, "ताई, हे मागवू का?" तिचं बाळ 4 महिन्यांचं आहे. व्हिडिओत साधारण तेवढंच एक बाळ, गळ्याभोवती हवेची रिंग, डोकं तेवढं पाण्याबाहेर आणि बाकी सगळं अंग खाली लोंबकळतंय. सोबतच्या मजकुरात म्हटलंय की पाण्यात वजन नसतं म्हणून मानेवर ताण येत नाही, बाळाचे स्नायू आणि मेंदू लवकर वाढतात, बाळाला जन्मतःच पोहता येतं, आईचे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि गळ्यातली नको वाटली तर पाय घालून बसायची रिंग घ्या, तीही तितकीच सुरक्षित. हाच मजकूर मला आधीही 3 जणींकडून आलाय आणि दरवेळी मी "नको" एवढंच लिहून सोडून दिलं, आता घरातच आलाय तर नीट लिहिते.

सगळ्यात आधी ते हात मोकळे राहण्याचं, कारण माझा खरा संताप त्याच वाक्यावर आहे. बाकीचं चुकीचं असेल, पण हे वाक्य जीव घेऊ शकतं. हात मोकळे म्हणजे काय तर आई टॉवेल आणायला वळणार, फोन बघणार, मोठ्या मुलाला ओरडायला दारापर्यंत जाणार. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) 28 जून 2022 ला या गळ्यातल्या रिंगबद्दल पालकांना उघड इशारा दिला, त्यात 1 बाळ दगावल्याचं आणि 1 बाळाला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागल्याचं लिहिलंय, आणि दोन्ही वेळा बाळावर थेट लक्ष नव्हतं. म्हणजे ज्या गोष्टीची हा मजकूर जाहिरात करतोय, नेमकी तीच गोष्ट त्या दोन्ही घटनांमध्ये होती. हे वाचून मला पुढचे मुद्दे वाचायचीसुद्धा इच्छा उरली नव्हती.

आणि हे होतं कसं तेही समजून घ्या. रिंग ही शेवटी फुगवलेलं प्लॅस्टिक आहे. जोडातून किंवा व्हॉल्व्हमधून हवा हळूहळू जाते, बाहेरून चटकन कळतही नाही. गरम पाण्यात आतली हवा प्रसरण पावते म्हणून रिंग घट्ट बसल्यासारखी वाटते, पाणी गार होत गेलं की तीच थोडी सैल पडते. त्यात बाळाचं अंग साबणाने नाहीतर तेलाने निसरडं. हनुवटी एकदा आत सरकली की तोंड पाण्यात, आणि 4 महिन्यांच्या बाळाला ते वर काढता येत नाही. आपल्याला वाटतं बुडताना आवाज होईल, हातपाय आपटल्याचं ऐकू येईल, पण ओरडायला श्वास लागतो आणि नाकातोंडात पाणी गेलं की तोच नसतो, त्यामुळे हे सगळं अगदी शांतपणे घडतं. आणि त्याला खोल पाणीही लागत नाही, बाळाचं नाक-तोंड झाकलं जाईल एवढं पुरतं.

आता "पाण्यात वजन नसतं". यात अर्धं सत्य आहे हे मान्य करते. जो भाग पाण्यात आहे त्याचं वजन पाणी उचलतं, आर्किमिडीजचा नियम सगळ्यांनी शाळेत केलाय. पण डोकं पाण्यात नाहीये ना! ते बाहेर आहे, म्हणून ते जेवढं जड आहे तेवढंच जड राहतं, आणि बाळाचं डोकं म्हणजे अंगाच्या लांबीचा जवळजवळ पाव हिस्सा. ते सगळं वजन रिंग जबड्याखाली आणि डोक्याच्या मागे पेलते, म्हणजे जिथून श्वास जातो त्या नळीच्या अगदी शेजारी, आणि खाली अंग हललं की त्याचा झटका त्याच मानेला बसतो. ज्या बाळाने अजून मान नीट धरलेली नाही त्याला मानेनेच अडकवून ठेवायचं, हे सुचतं तरी कसं?

स्नायू आणि मेंदूचा मुद्दा. एफडीएनेच म्हटलंय की या रिंगमुळे ताकद वाढते, हालचालींचा विकास होतो किंवा फिजिओथेरपीसाठी त्या उपयोगी आहेत हे सिद्ध झालेलं नाही. उलट ज्या बाळांना सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर परिणाम), डाउन सिंड्रोम, स्पायना बिफिडा (मणक्याचा जन्मजात दोष), एसएमए (स्नायू कमजोर करत नेणारा आनुवंशिक आजार) असं काही आहे त्यांच्या मानेला इजा व्हायचा धोका जास्त, आणि असे फॉरवर्ड नेमके त्यांच्याच आईबापांना आशा दाखवतात. ते बिचारे काहीही करून बघायला तयार असतात. पाण्यातली थेरपी असते, हो, बऱ्याच मुलांना तिचा उपयोगही होतो, पण तिथे शिकलेल्या थेरपिस्टचे हात सतत बाळाखाली असतात. कोमट पाण्यात बाळ शांत होतं, पाय मारतं, मजा करतं, तेही खरंच आहे. त्यासाठी रिंग मात्र लागत नाही.

जन्मतः पोहता येतं म्हणे. लहान बाळाला पाण्यात पोटावर धरलं की ते हातपाय पोहल्यासारखे हलवतं, तोंडावर पाणी आलं की क्षणभर श्वास धरतं, या प्रतिक्षिप्त क्रिया आहेत आणि पहिल्या काही महिन्यांत त्या ओसरतात. डोकं वर काढून श्वास घेणं त्यात कुठेच येत नाही, मग त्याला पोहणं कसं म्हणायचं. पोटात 9 महिने पाण्यात होतं हा तर मुद्दाच नाही, तिथे ऑक्सिजन नाळेतून यायचा.

पाय घालून बसायची रिंग. हिच्यात गळा मोकळा असतो म्हणून लोकांना ती बरी वाटते. पण बाळाचं डोकं जड आणि रिंग कमरेपाशी, म्हणजे वजन वर आणि आधार खाली. बाळ पुढे वाकलं किंवा एखादी लाट आली की ते अख्खं उलटू शकतं, आणि उलटलं की पाय भोकांत अडकलेले, तोंड खाली, रिंग वर तरंगतेय. ते स्वतःहून सुटत नाही.

मग चांगलं साधन कसं असतं, हेही सांगायला हवं, नाहीतर नुसती नाही म्हणते असं वाटेल. बाळाच्या लाइफ जॅकेटमध्ये तरंगवणारा भाग छातीवर आणि डोक्यामागच्या कॉलरमध्ये जास्त असतो, म्हणजे बाळ पाठीवर वळलेलं राहतं आणि तोंड आकाशाकडे. आत फोम असतो, हवा नाही, त्यामुळे जोड सुटून सगळंच संपलं असं होत नाही. पायांमधून एक पट्टा जातो, तो नसेल तर जॅकेट वर सरकून कानापर्यंत येतं. कॉलरला धरून उचलता येईल असं हँडल असतं. घालून बघताना खांद्यापाशी धरून वर ओढायचं, हनुवटी किंवा कान आत गेले तर ते मोठं होतंय. काखेत आणि गळ्यापाशी कडा मऊ हव्यात, बाळ कुरकुरलं तर आधी तिथे लाल झालंय का ते बघा, कारण टोचणारं जॅकेट आपण सैल करतो आणि सैल जॅकेट काही कामाचं नाही. एक मात्र आहे, अगदी तान्ह्या, मान न धरलेल्या बाळाला यातलं काहीच नीट बसत नाही, त्यांना मोठ्या पाण्यात किंवा होडीत न्यायचंच नाही. आणि बसलं तरी ते जॅकेट अपघातासाठी असतं, बाळ त्यात ठेवून बाजूला जायला नाही.

पाकिटावरच्या मानकाच्या नंबरावरही लगेच विश्वास ठेवू नका. आयएसओ 12402 हे लाइफ जॅकेटचं आंतरराष्ट्रीय मानक, ईएन 13138 हे पोहायला शिकताना वापरायच्या साधनांचं युरोपीय मानक, आणि या दुसऱ्या प्रकारावर बुडण्यापासून संरक्षण मिळत नाही असं लिहिलेलंच असतं, बारीक अक्षरात असलं तरी शोधून वाचा.

बहिणीला रात्रीच फोन करून सांगितलं की मागवू नकोस. तिने विचारलं मग त्याला पाण्यात न्यायचंच नाही का. ने की. एक तळवा डोक्या-मानेखाली, दुसरा हात कमरेखाली, तुझ्या छातीएवढ्या कोमट पाण्यात, ओठ निळसर झाले किंवा थरथरला की लगेच बाहेर आणि टॉवेलमध्ये. टॉवेल आधीच काठावर काढून ठेव.