ड्रेनच्या गोळ्या, केमोतला ताप आणि माझी एक चूक

नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमची प्रतिक्रिया वाचून मी आधी माझाच लेख पुन्हा वाचला. स्तनाच्या ऑपरेशननंतर ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, आहे म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवू नये, असं मी लिहिलं आणि दोन परिच्छेदांनी केमोच्या पेशंटला ताप आला तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक हवं, असंही लिहिलं. "एक काय ते ठरवा," असं तुम्ही म्हणता. शिवाय तुमच्या वहिनींनी ड्रेनचे बारा दिवस अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या आणि जखम छान भरली, मग बिघडलं कुठे, हाही तुमचा प्रश्न.

बिघडलं काहीच नाही. पण गोळ्या नसत्या तरी ती बहुधा भरलीच असती. ऑपरेशनचं अँटिबायोटिक, बऱ्याचदा सेफाझोलिन, चीर देण्याआधीच्या तासाभरात देतात, म्हणजे त्वचा उघडताना औषध रक्तात असतं. मुख्य काम तिथेच होतं. नळी आहे एवढ्याच कारणासाठी ते लांबवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये सांगितलंय. नळी काढल्यावर काखेत पिवळसर पाणी साचतं, तो सीरोमा. तोही संसर्ग नव्हे. फार ताणलं तर सुईने काढतात, नाहीतर हळूहळू जिरतो. लाली, ताप, गढूळ पाणी असेल तर गोष्ट वेगळी.

आता केमोतला ताप. ड्रेनच्या वेळचं औषध संसर्ग होऊ नये म्हणून असतं, इथलं झाला असावा अशा संसर्गावर. डोस दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेल्या की शरीराकडे लढायला माणसंच उरत नाहीत. पू म्हणजे तरी काय, बहुतांश याच मेलेल्या पेशी. त्या नाहीत म्हणून पू नाही, लाली जेमतेम, एक्सरेही स्वच्छ दिसू शकतो. दिसतो तो फक्त ताप. आणि जंतू अनेकदा बाहेरून आलेलाच नसतो. केमोने आतड्याचं अस्तर सोललेलं असतं, तिथला रोजचाच रहिवासी रक्तात उतरतो. म्हणून ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी, घ्यायचं आणि रिपोर्टची वाट न पाहता पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसारखं औषध सुरू करायचं. धोका कमी आहे असं तपासणीत दिसलं तर हल्ली काही जणांना गोळ्यांवर घरीही पाठवतात, पण ते तपासल्यानंतर.

मी कॅन्सर वॉर्डात सिस्टर होते तेव्हाची एक रात्रपाळी अजून आठवते. घरच्यांनी दोनदा तापाची गोळी देऊन ताप उतरवला होता, "सकाळी बघू" म्हणून. पेशंट पहाटे आली तेव्हा हात थंडगार, बीपी लागत नव्हता. वाचली, पण आठ दिवस आयसीयूत काढून. मी भीती घालते, असंही तुम्ही म्हणालात. या एका बाबतीत घालते, कबूल.

सुजलेल्या हाताबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, मी चुकले. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला पुन्हा पुन्हा सेल्युलायटिस (त्वचेचा आणि तिच्याखालचा जंतुसंसर्ग) झाला तरी रोजचं अँटिबायोटिक नकोच, असं मी ठोकून दिलं होतं. पायाच्या सेल्युलायटिसवर ब्रिटन-आयर्लंडमध्ये झालेला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. वर्षभर दिवसातून दोनदा पेनिसिलिन घेणाऱ्यांत त्या काळात २२ टक्क्यांना तो परत झाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ३७ टक्क्यांना. औषध थांबवल्यावर हा फायदा टिकला नाही. अभ्यास पायाचा, हाताचा नव्हे. तरी वर्षात दोनदा-तीनदा हात लाल होऊन ताप भरणाऱ्या बाईला डॉक्टरांनी पेनिसिलिन सुरू केलं तर त्यात गैर काही नाही. लेखातलं ते वाक्य आज बदललंय.

वहिनींची केमो पुढच्या आठवड्यात सुरू होतेय, असं तुम्ही शेवटी लिहिलंत. थर्मामीटर घरात असू द्या. एकदा जरी १०१ दिसला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर आधी हॉस्पिटलला फोन, मग बाकी सगळं. तो रात्रीचा नंबर आजच विचारून ठेवा. आणि ड्रेनच्या त्या गोळ्यांतली उरलेली स्ट्रिप कपाटात असेल, तर ती आधी तिथून काढा. रात्री दोन वाजता ताप चढला की हात नेमका तिकडेच जातो.