पेलाभर पाणी आणि साडेतीन लाख

नागपुरात ज्याला कूलर आणि फ्रिज दुरुस्त करता येतो, त्याला मे महिन्यात स्वतःचं घर नसतं. एप्रिल सरत आला की आत्तेबहिणी, साडू, साडूचे शेजारी अशा सगळ्यांना आपली आठवण येते. तब्येतीची चौकशी होते, आईच्या गुडघ्यांची होते, आणि मग पंपाचा विषय निघतो. त्यामुळे ताईचा फोन आला तेव्हा तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी पिशवीत अर्ध्या इंचाचा पाइप टाकला होता.

"कूलर नाही रे," ताई म्हणाली. "चिनूनं कॉम्प्युटर मागवला. त्याच्यात पाणी आहे म्हणते तो. तू येऊन पाहून जा."

"ताई, मी कॉम्प्युटरचा माणूस नाही."

"पाण्याचा तर आहेस ना?"

झालं. निघालो.

चिनू म्हणजे माझा भाचा, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. बोनसला हप्त्यांची जोड देऊन त्याने तयार जुळवलेला गेमिंग कॉम्प्युटर मागवला होता, लिक्विड कूलिंगवाला. किंमत साडेतीन लाखांच्या वर. 'वर' म्हणजे नेमकं किती, हे घरात कुणी विचारायचं नाही असं ठरलं होतं आणि भाऊजी सोडून सगळे ते पाळत होते. विकणाऱ्या कंपनीची अट अशी, की दोष सापडला तर मुदतीच्या आत कळवा, मग बदलून देऊ. म्हणजे पैसे त्यांनी आधी घ्यायचे आणि खोट आपण शोधायची, तीही घाईघाईने. टरबूज घेताना माणूस निदान वाजवून बघतो. काचेची पेटी कुठे वाजवायची?

मी पोचलो तेव्हा पेटी हॉलमध्ये कूलरच्या अगदी तोंडासमोर मांडलेली होती. ही भाऊजींची योजना. आतून पाणी, बाहेरून कूलर, दुहेरी थंड. मी आधी ती तिथून हलवली. डेझर्ट कूलरमधून वाऱ्याबरोबर तुषार येतात, आणि त्या पाण्यातला क्षार किती असतो ते कूलरच्या जाळीवरचे पांढरे थर खरवडणाऱ्याला विचारावं. तो थर साडेतीन लाखांच्या बोर्डावर बसला तर मला खरवडता येणार नाही.

"पण पाण्यानं थंड होते ना तो?" भाऊजी म्हणाले.

इथे मला जरा वर्ग घ्यावा लागला. आपल्या कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि ती वाफ हवेतली उष्णता घेऊन जाते. म्हणून बाहेर ४४ अंश आणि हवा कोरडीठाक असली की खोलीत ३० अंशाची झुळूक मिळते, आणि म्हणूनच पावसाळा लागला की तोच कूलर नुसता ओला पंखा होतो. कॉम्प्युटरमधलं पाणी बंद नळीत असतं. त्याची वाफ वगैरे काही होत नाही. ते प्रोसेसरवरची उष्णता उचलतं आणि रेडिएटरपाशी नेऊन खोलीच्या हवेत टाकतं. खोली ३५ अंशांवर असेल तर ते पाणी ३४ वर कधीच येणार नाही, कंपनीने पेटीवर हिमनगाचं चित्र काढलं तरी.

ताईचे प्रश्न जास्त व्यवहारी होते. पाणी कुठून टाकाचं? फिल्टरचं चालेल का? किती दिवसांनी बदलाचं? आत पाणी जेमतेम पेलाभर असतं, त्यात ग्लायकॉल मिसळलेलं असतं आणि टोपण उघडायची सोयच नसते, हे ऐकून तिचा चेहरा पडला. "म्हणजे साचलेलं पाणी! दरवर्षी महापालिकेचे लोक कूलरमधल्या अळ्या पाहायला येतात. यालेही नोटीस लावतील." मी म्हटलं, अळीला आत जायला वाट नाही. ती म्हणाली, डासाले वाट लागते का कधी?

"विजेच्या यंत्रात पाणी म्हणजे आ बैल मुझे मार," भाऊजींनी निकाल दिला. भाऊजी चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रातून निवृत्त झालेले. मी लगेच तो धागा पकडला. म्हटलं, भाऊजी, तुमच्याकडच्या ५०० मेगावॅटच्या जनरेटरमध्ये स्टेटरच्या तांब्यातून पाणीच खेळवतात ना? आणि अमेरिकेत १९८५ साली क्रे-२ नावाचा महासंगणक निघाला, त्याची सर्किटं तर सरळ फ्लुओरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवलेली होती. भाऊजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी अकाउंट्समध्ये होतो."

आता मुख्य कामाला लागलो. चिनूने यंत्राची कुंडली वाचून दाखवली: सोळा कोअरचा रायझन ९ ९९५०एक्स प्रोसेसर, गेमची चित्रं काढणारं एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०८० ग्राफिक्स कार्ड, ६४ जीबी डीडीआर५ रॅम. मी माझ्या बाजूने बघितलं. प्रोसेसरवर तांब्याची चकती आणि तिच्या पोटाला केसाएवढ्या बारीक खाचा, तिच्यावर पंप, पंपातून दोन नळ्या वर छताच्या रेडिएटरला, रेडिएटरला १२० मिलिमीटरचे तीन पंखे रांगेत. काम सुबक होतं, हे कबूल करायला हवं. रेडिएटर वर आणि पंप खाली, हेही योग्य. अशा बंद फेऱ्यात थोडीफार हवा राहतेच, ती सर्वांत उंच जागी जाऊन बसते, आणि ती जागा पंपाची असेल तर पंप लवकर मरतो. माझ्या धंद्यात हे शिकायला एक उन्हाळा पुरतो.

बाकी मंडळींची तपासणी समांतर सुरू होती. आत जितक्या वस्तू तितके रंगीत दिवे. रॅमच्या कांड्यांनाही दिवे. पंपाच्या डोक्यावर एक गोल पडदा, त्यावर तापमान दिसायचं होतं, पण चिनूने तिथे नाचणारं मांजर लावलं होतं. शेजारच्या काकूंनी एवढंच बघितलं आणि "छान आहे, पण जागा फार खाते" म्हणून गेल्या. मला वाटतं, हे परीक्षण सर्वांत निर्दोष होतं.

पेटी आधीच सुरू केलेली होती. आतली फोमची उशी काढल्यानंतर केली होती, हे नशीब. प्रवासात कार्ड हलू नये म्हणून तो फुगीर फोम भरतात, आणि तो न काढताच बटण दाबणारे महाभागही असतात. आता चिनूची तक्रार दोन कलमी होती. एक, आतून गुळगुळ आवाज येतो. दोन, गेम अडखळत चालतो.

पहिलीचा इलाज मला तोंडपाठ होता. चालू पेटी थोडी या अंगाला, थोडी त्या अंगाला कलती केली, थोडा वेळ थांबलो, पुन्हा केली. वाहतुकीत पंपात अडकलेली हवा वर रेडिएटरच्या टोकाला जाऊन बसली आणि गुळगुळ थांबली. ताईने हात जोडले. चिनूने मात्र हेल्पलाइनलाही विचारून ठेवलं होतं. तिकडून उत्तर आलं होतं की खोलीचं तापमान २५ अंश राखावं. नागपुरात, मे महिन्यात, २५! हा आकडा आम्हाला डिसेंबरच्या दुपारी, थोडं आभाळ आलं तरच दिसतो.

दुसरी तक्रार वरकरणी माझ्या हद्दीबाहेरची होती. चिनूने दीडशे व्हिडिओ पाहिले असतील. सेटिंगांची नावं तो मंत्रासारखी म्हणत होता. मी फक्त हात लावला. गेम सुरू असताना रेडिएटरच्या वरची हवा कोमट होती आणि ग्राफिक्स कार्ड मात्र गार, पंखेसुद्धा थांबलेले. आमच्याकडे साधा नियम आहे: जे तापत नाही, ते काम करत नाही. साडेतीन लाखांतला सर्वांत महाग भाग आराम करत होता. "याची वायर कुठे लावली?" मी विचारलं. मॉनिटरची केबल कार्डाला न लावता वरच्या मदरबोर्डच्या भोकात खोचलेली निघाली. या रायझनच्या पोटात एक चिमुकलं ग्राफिक्स असतं, चित्र दाखवण्यापुरतं. आणि तेवढ्या जीवावर बिचारा गेम ओढत होता. केबल बदलली. चिनू माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला, की मी अर्ध्या इंचाचा पाइप हळूच पिशवीत खाली दाबला.

मग त्यालाही हुरूप आला. मॉनिटर २४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणारा, पण विंडोजने ६० वर ठेवलेला. तो त्याने वर चढवला. रॅम ६००० च्या वेगाची घेतलेली आणि धावत होती ४८०० वर, कारण बायोसमधलं, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगांमधलं, रॅमला पूर्ण वेग देणारं एक्स्पो नावाचं बटण कारखान्यात कुणी चालू केलंच नव्हतं. म्हणजे यंत्र जुळवून देण्याचे पैसे घेणाऱ्याने एवढंसं काम शिल्लक ठेवलं होतं, आणि पेटीत 'तज्ज्ञांनी तपासलेले' असं चकचकीत कार्ड मात्र आठवणीने घातलं होतं. मला राग त्या बटणाचा आला नाही, कार्डाचा आला.

शेवटची परीक्षा भारावरची. गंमत बघा, एवढं ताकदवान यंत्र पुरतं दमवायचं तर माणसाच्या कोणत्याही गरजेने ते दमत नाही. त्यासाठी खास निरुपयोगी कामं द्यावी लागतात. कार्डासाठी फरमार्क, ज्यात एक केसाळ कडं पडद्यावर गोल फिरत राहतं. प्रोसेसरसाठी प्राइम९५, जो मूळसंख्या शोधतो. दोन्ही एकदम सुरू करताच भाऊजींनी कोपऱ्यात जोडलेल्या जुन्या यूपीएसने किंचाळून प्राण सोडला. तो ६०० व्हीएचा, म्हणजे झेपणार साधारण ३६० वॅट. इकडे मागणी सातशेची. त्याला बाजूला केलं आणि थेट सोळा अँपिअरच्या सॉकेटवर लावलं.

पंख्यांचा नि पंपाचा आवाज नीट ऐकायचा म्हणून घरचा कूलर बंद करावा लागला. दार लावलं. वेळ दुपारी तीनची. पडद्यावर केसाळ कडं फिरतंय, आत मूळसंख्यांचा शोध चाललाय, आणि आम्ही तिघे घाम पुसत आकडे बघतोय. प्रोसेसर २३० वॅट घेत होता. हिशेब केला, तर पंखे नसते तर तेवढ्या उष्णतेने पेलाभर पाणी मिनिटाला तेरा अंशांनी तापलं असतं. पंखे होते, म्हणून ती उष्णता पाण्यात न राहता आमच्या अंगावर येत होती. खोली ३१ वरून ३८ वर गेली. पेटीत पेलाभर पाणी होतं, माझ्या बनियनमध्ये दोन पेले.

"मामा, ९५!" चिनू ओरडला. "जळेल!"

नाही जळत. या रायझनची ठरवलेली मर्यादाच ९५ अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग आवरून घेतो. कार्ड सत्तरीत शांत होतं. गळती नाही, घरघर नाही, पंपाचा सूर एकसारखा. मी प्रमाणपत्र दिलं: माल चांगला आहे, खोली खराब आहे.

भाऊजींनी मात्र स्वतःचा अहवाल केला होता. त्यांनी प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला होता आणि पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड केली होती. सातशे वॅट, रोज चार तास, महिन्याला ८४ युनिट. उन्हाळ्यात घरचं बिल २६० युनिटांचं. बेरीज ३४४. "तीनशेची पायरी ओलांडून राहिला हा पोट्टा," ते म्हणाले, आणि 'पायरी' शब्दाखाली दोनदा रेघ मारली.

ताईने तडजोड सुचवली. दिव्या देशमुख नागपूरची. २०२५ साली तिने बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून ताईच्या लेखी बुद्धिबळ म्हणजे अभ्यास. चिनूही शाळेत असताना खेळायचा. तेव्हा ठरलं, रोज आधी बुद्धिबळ, मग बंदुका. चिनूने आज्ञाधारकपणे स्टॉकफिश नावाचं फुकटचं बुद्धिबळ इंजिन उतरवलं, त्याला प्रोसेसरचे सगळे बत्तीस थ्रेड, म्हणजे एकाच वेळी काम करणारे सगळे हात, देऊन टाकले आणि वजिराच्या बलिदानाचा एक डाव तपासायला लावला.

पेटी गर्जू लागली. रेडिएटरचे तिन्ही पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालतात, आणि गेममध्ये बहुतेक भार कार्डावर असतो. बुद्धिबळाला कार्ड लागतच नाही, सगळं डोकं प्रोसेसरचं. त्यामुळे बंदुकांच्या गेममध्येही नव्हता एवढा आवाज एका उंटाच्या चालीला सुरू झाला.

"चिनू!" ताई स्वयंपाकघरातून ओरडली. "बंद कर तो गेम! घर डोक्यावर घेतलं!"

"आई, बुद्धिबळ आहे."

"बुद्धिबळाले आवाज असते का कधी? मले शिकवते!"

चिनूने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्याने स्टॉकफिश बंद केलं, कानाला हेडफोन लावले आणि बंदुकांचा गेम उघडला. पंखे खाली आले, हॉल शांत झाला. कार्डाचे मोठे पंखे चालले असतील, पण ते ऐकायला कान लावावा लागला असता.

"हं," आतून ताईचा समाधानी आवाज आला. "आता कसा चुपचाप अभ्यास करून राहिला."

भाऊजी वॅटमीटरपाशी वाकले. मघाशी तो ३४० दाखवत होता, आता ५६०. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सरू," ते म्हणाले, "तुझा अभ्यास दोनशेवीस वॅटनं महाग आहे."