पर्यटकाचं भाडं, शिक्षकाचा पगार

परदेशातून गोव्यात फ्रेंच किंवा पोर्तुगीज शिकवायला आलेला माणूस पर्यटक नसतो, हे घरमालकांना कळणार तरी कधी? गोरा चेहरा दिसला की भाडं वाढलंच! अहो, त्याचा पगार इथलाच, रुपयांत. इंग्रजी सोडून इतर परदेशी भाषा शिकवणाऱ्यांना नोकरीच्या व्हिसासाठी किमान पगाराची अटही नसते, त्यामुळे तो बेताचाच असतो. त्यातून डिपॉझिट, दलाली, वीज, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, एवढं सगळं त्यानं भागवायचं कसं? घर आतल्या गावात घ्यावं तर रात्री बस नाही, मग स्कूटरचं भाडं आलंच.

करार अकरा महिन्यांचा आणि तोंडी अट वेगळीच: ऑक्टोबर आला की खोली सोडा, सीझन आहे! वर्ग मध्यावर असताना त्यानं बोचकं उचलून जायचं कुठे?

सगळ्यात संताप येतो तो परदेशी भाडेकरूची माहिती कळवायच्या फॉर्मचा (पूर्वीचा सी फॉर्म). परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत ऑनलाइन माहिती भरणं हे घरमालकाचं काम. पण भाड्याचं उत्पन्न उघड होईल म्हणून कित्येक जण भरतच नाहीत. लेखी करारही देत नाहीत. मग पत्त्याचा पुरावा नाही. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आल्यापासून १४ दिवसांत सरकारकडे करायची परदेशी नागरिकाची नोंदणी अडते, बँकेचं खातं अडतं, खात्याविना पगार अडतो. चूक मालकाची आणि खेटे शिक्षकाला? का म्हणून?