आधी रंग मारा, बाकीचं पाऊस बघून घेईल

घराला बाहेरून रंग द्यायचा विचार असेल तर गणपतीच्या तोंडावर द्या. ते जमलं नाही तर दसरा आहे, आणि दसराही हुकला तर दिवाळीआधीचे आठ दिवस हातचे जाऊ देऊ नका. फेब्रुवारी ते मे भिंती खडखडीत वाळलेल्या असतात, पेंटर मोकळा असतो, कोट वेळेत सुकतो. पण तेव्हा तुमचं घर बघणार कोण? फार तर लग्नाचे पाहुणे, आणि त्यांचं सगळं लक्ष रस्सा वाढणाऱ्याकडे.

सप्टेंबर संपताना कोल्हापुरातली भिंत चार महिने पाणी पिऊन बसलेली असते. पश्चिमेची जरा जास्तच, कारण आपला पाऊस गगनबावड्याकडून वाऱ्यासकट येतो आणि आडवा आपटतो. भिंत वाळली की नाही हे बघायची एक फुकटातली पद्धत आहे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी काढायचा. आतून घाम धरला असेल तर ओल अजून आहे. तुम्ही या भानगडीत पडू नका, शेजारी विचारत बसतील. ओल्या भिंतीवर रंगाचा थर बसला की आतलं पाणी बाहेर पडायला धडपडतं, उन्हं तापली की फुगे येतात आणि मार्चपर्यंत पोपडे सुटतात. पण तोवर दिवाळीचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरून आलेले असतात, मग बिघडलं कुठं?

रंगाआधी भिंत धुवावी लागते असं सांगणारे काही लोक भेटतील. जुन्या भिंतीवरून तळवा फिरवून पांढरी पूड हाताला लागली तर तो मेलेला रंग, त्याच्यावर नवा रंग धरत नाही, असं ते म्हणतात. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्यातून उडालेली काजळी कसबा बावड्याकडच्या गच्च्यांवर आणि छज्ज्यांवर बसते, तीही आधी काढावी लागते म्हणे. आणि शेवाळ. त्यासाठी १० लिटर पाण्यात अर्धा किलो ब्लीचिंग पावडर कालवायची, निवळ वरचं पाणी भिंतीवर मारायचं, अर्धा तास मुरू द्यायचं, नायलॉनच्या ब्रशनं घासायचं आणि साध्या पाण्यानं धुऊन भिंत पुन्हा वाळू द्यायची. (यात लवकर निघावं म्हणून बाथरूमचं ॲसिड ओतणारे महाभाग आहेत. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बाकीचा लेख कसाही वाचा, हे मात्र सरळ वाचा: ते करू नका.) एवढा खटाटोप करण्यापेक्षा पेंटरचं ऐकावं. तो म्हणतो, "मालक, कोट बसला की समदं झाकतंय." झाकतं, यात खोटं काही नाही. शेवाळ मेलेलं नसतं एवढंच, आणि पुढच्या जुलैत ते नव्या रंगातून वर येतं.

भेगांचंही तसंच. स्लॅबच्या बीमखाली, जिथून विटांचं बांधकाम सुरू होतं, तिथं पट्टी धरून ओढल्यासारखी एक आडवी रेघ बहुतेक घरांना असते. काँक्रीट आणि वीट उन्हात सारखं फुगत नाहीत, म्हणून प्लास्टर नेमकं त्या सांध्यावर फाटतं. खरा इलाज वेळखाऊ आहे. सांध्याच्या वर सहा इंच, खाली सहा इंच प्लास्टर काढायचं, कोंबडी जाळी ताणून खिळ्यांनी ठोकायची, पॉलिमर घातलेल्या मालानं पुन्हा प्लास्टर करायचं, सात दिवस पाणी मारायचं आणि मग महिनाभर थांबायचं. महिनाभर! तेवढ्यात दसरा होऊन जाईल. त्यापेक्षा आतल्या खोलीचं काम करून उरलेली पुट्टी बोटानं भेगेत दाबा. ती पावसात मऊ पडते, आणि भेग पहिल्यापेक्षा ठळक होऊन परत येते. बारीक, केसाएवढ्या भेगांना बाहेरची ॲक्रिलिक क्रॅक फिलर भरली तर चालतं, पण ती आणायला लक्ष्मीपुरीपर्यंत जावं लागतं. पार्किंग मिळत नाही.

आता रंग किती लागतो ते. बाहेरच्या ॲक्रिलिक रंगाच्या दोन कोटांना एका लिटरमागे ५० ते ६० चौरस फूट धरायचे. म्हणजे २००० चौरस फूट भिंतीला दोन २० लिटरच्या बादल्या. तुमच्या पेंटरनं एकाच बादलीत भागवलं तर त्याला शाबासकी द्या, चहा पाजा आणि पिंपातलं पाणी कुठं गेलं हे विचारू नका. प्रायमर तर शुद्ध उधळपट्टी आहे, कारण तो शेवटी दिसत नाही. रंगाची छटा मात्र दिसते, तेव्हा सगळी बुद्धी तिथं लावा. गेरू, विटकरी, पिवळ्या मातीच्या जातीचे रंग लोखंडाच्या ऑक्साइडचे असतात, उन्हाला दाद देत नाहीत, म्हणून ते कंटाळवाणे. भडक पोपटी, गुलाबी, झेंडूसारखा केशरी असले काहीतरी घ्या आणि दक्षिण-पश्चिम भिंतींना आवर्जून मारा. दोन उन्हाळ्यांत घराच्या चार बाजू चार वेगळ्या छटांच्या होतात. नाद खुळा.

रंगाहून महत्त्वाचं काय, तर एलिव्हेशन. दर्शनी भागाला जितक्या पट्ट्या, खोबण्या आणि बाहेर आलेल्या चौकटी काढता येतील तितक्या काढा. प्रत्येक पट्टीच्या माथ्यावर पाणी थांबतं, धूळ थांबते, कबुतर थांबतं. कबुतराच्या कृपेनं पिंपळ उगवतो. तो हातानं वरच्या वर उपटा, म्हणजे मूळ आत सुखरूप राहतं. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून दीड-दोन इंच आत, बोटभर रुंदीची एक खाच ठेवली तर पाण्याचा थेंब तिथं तुटून खाली पडतो. खाच नसली की तेच पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून सरपटत भिंतीपर्यंत येतं आणि खिडकीच्या डोक्यावर ओल धरते. ही खाच प्लास्टरच्या वेळी एक लाकडी पट्टी ठेवून फुकटात निघते. म्हणूनच कदाचित तिला किंमत नाही.

गच्चीच्या कठड्याकडे वळू, कारण तुमच्या घराचं तोंड तिथं ठरतं. कठड्याचा माथा गच्चीच्या बाजूला उतरता ठेवला तर वरची धूळ पावसाबरोबर गच्चीत उतरते आणि पाइपातून जाते. पण तुम्ही माथा सपाट ठेवा, जमल्यास रस्त्याकडे थोडा झुकता. पहिल्या वळवातच दर्शनी भिंतीवर काळे ओघळ येतात, रडून काजळ पसरल्यासारखे. त्या माथ्यावर कुंड्यांची ओळ मांडा आणि रोज पाणी घाला. शिवाय गल्लीतल्या पोरांना वाढदिवसाचा फ्लेक्स बांधायला तिथंच खिळे ठोकू द्या. नाही म्हटलं तर संबंध बिघडतात. फ्लेक्स आठवड्यात उतरतो, खिळा गंजत राहतो आणि त्याच्या कडेनं पाणी कठड्यात जायला कायमची वाट होते.

गच्चीचं पाणी खाली आणायच्या पाइपांवर पैसे घालवू नका. तासाला १०० मिलिमीटरच्या पावसाला ४ इंची एक पाइप साधारण सव्वाचारशे चौरस फूट गच्चीला पुरते, म्हणजे हजार फुटांना तीन लागतील. तीन पाइपांनी एलिव्हेशन मार खातं. एकच लावा, अडीच इंची, आणि तीही मागच्या कोपऱ्यात, जिथं गच्चीचा उतार जात नाही. तोंडावरची जाळी पाचोळ्यानं तुंबते, म्हणून ती काढून टाका. मग पाचोळा थेट पाइपात जातो, त्याच्यामागून टेनिस बॉल जातो, आणि मृग निघाल्यावर गच्चीचा रंकाळा होतो. साठलेलं पाणी कठडा आणि स्लॅबच्या सांध्यातून आत शिरतं. तिथं गवंड्यानं सिमेंटचा गोल वाटा मारलेला असता, म्हणजे कोपरा गोलसर भरून घेतला असता, तर एवढं सोपं गेलं नसतं.

टाकीचा बॉल कॉक बिघडला असेल तर असू द्या. टाकी भरल्याचं कळायला ओव्हरफ्लोचं पाणी भिंतीवरून वाहणं हा खात्रीचा इशारा आहे, आणि त्या जागी बारमाही हिरवा पट्टा मिळतो. इंटरनेटवाल्यालाही मोकळा हात द्या. तो बाहेर उभा राहून ड्रिल खालच्या दिशेनं आत घुसवतो, म्हणजे भोकाचा उतार घरात. उलट, बाहेरच्या बाजूला उतरतं भोक पाडून, वायरला भोकाच्या खाली एक झोळ देऊन, वर सीलंट भरलं तर पाणी झोळावरूनच गळून पडतं. पण त्याला अजून चार घरं करायची असतात, आणि तुम्हाला मॅच बघायची असते.

फाटकाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. गंज न घासता वरून काळा चकचकीत इनॅमल मारा. आधी रेड ऑक्साइडचा गंजरोधक हात वगैरे जुन्या माणसांचे लाड.

शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत ज्यांचा जुना वाडा अजून उभा आहे, त्यांना जादा संधी आहे. काळ्या दगडाचं जोतं, दगडांमधल्या सांध्यांत चुन्याच्या दरजा, वर भाजक्या विटा. जमिनीतून चढणारी ओल त्या चुन्याच्या दरजांतून उडून जाते, म्हणून शंभर वर्षं वरच्या भिंतीला काही झालं नाही. हे थांबवायला दोनच गोष्टी लागतात. आधी चुना खरवडून दरजा सिमेंटनं भरा. मग अख्ख्या जोत्याला ऑइल पेंट मारा, काळा दगड काळ्याच रंगानं रंगवा, आणि पांढऱ्या रेघा ओढून दगडावर दगडाचं चित्र काढा. ओलीला बाहेर पडायची वाट राहिली नाही की ती वर विटांत चढते, दोन-तीन फुटांवर लोणा, म्हणजे पांढरा क्षार, फुटतो, विटेचा भुगा पडायला लागतो. मग वाडा धोकादायक झाला म्हणून पाडायला तुम्ही मोकळे.

दारातल्या जागेचं बघू. रस्त्यावर जुना थर न खरवडता नवा थर चढत गेला की एके काळी तीन पायऱ्या चढून जायचं घर रस्त्याच्या पातळीला येतं. याला उत्तर म्हणून अंगणात भर टाका आणि पेव्हिंग ब्लॉक जोत्याच्या माथ्याला टेकवा, डीपीसीचा, म्हणजे जमिनीची ओल अडवणारा जोत्यावरचा थर खाली गाडला जाईल असे. ओल आणि वाळवी दोघींची सोय होते. ब्लॉक जोत्याच्या माथ्यापासून निदान सहा इंच खाली हवेत आणि उतार घरापासून लांब, पाच फुटांना सव्वा इंच, हे गवंड्याला माहीत असतं. तुम्ही त्याला बोलू देऊ नका. गाडी आत घ्यायला गटारीवर सलग काँक्रीटचा रॅम्प ओता. मध्ये उचलता येणारं झाकण ठेवलं तर कुणीतरी गटार साफ करायला येण्याचा धोका असतो. तुंबून पाणी उलटं तुमच्याच अंगणात आलं की महापालिकेच्या नावानं शंख करा. आणि रोज सकाळी काळम्मावाडी धरणातून पन्नास किलोमीटरपेक्षा जास्त लांबून आणलेलं पाणी पाइपानं रस्त्यावर मारत जा. धूळ बसते, आणि भिंतीचा खालचा फूटभर भाग उन्हाळ्यातही ओला राहतो.

पूर येणाऱ्या भागाला वेगळा सल्ला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आकडे सुतारवाड्यात, दुधाळीत, कुंभार गल्लीत पोरांना पाढ्यांआधी येतात. २०१९ आणि २०२१ नंतर अनेक भिंतींवर गाळाची रेघ राहिली. गाळ ओला आहे तोवर पाणी मारून धुतला तर निघतो, वाळला की खरवडावा लागतो. नंतर प्लास्टर ठोकून बघायचं, बद्द आवाज येईल तिथलं पाडायचं, आणि भिंत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उघडी ठेवायची. पण रेघ दिसते तोवर भाडेकरू घासाघीस करतो. म्हणून पाणी ओसरल्यावर पंधरा दिवसांत रेघेच्या वर हातभर ऑइल पेंट मारा आणि जागा दाखवायला सुरुवात करा. भाडेकरूनं कपाट भिंतीला लावलं की पुढचं त्याचं तो बघेल.

सगळं झाल्यावर रंगाचं वॉरंटी कार्ड जपून ठेवा, लॅमिनेट केलं तर उत्तम. पोपडे सुटले की फोन करा. माणूस येतो, नम्र असतो, खिशातून छोटा मीटर काढून भिंतीला लावतो. "साहेब, ओल आहे," म्हणतो. मग कार्ड उलटं करून मागची बारीक अक्षरं दाखवतो: गळती, ओल, भेगा आणि पृष्ठभागाची अपुरी तयारी यांमुळे झालेलं नुकसान धरलेलं नाही. त्याच्याशी वाद घालू नका, त्याच्या पिशवीत नव्या छटांचा चार्ट असतो, तो मागून घ्या.