गोळ्या सोडा, नाम धरा: त्या मेसेजमधलं एकेक वाक्य

माझ्या मामेभावाने अकरा दिवस नैराश्यावरच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या, हे आम्हाला बाराव्या दिवशी कळलं. झोप उडालेली, डोकं गरगरतंय, मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं होतंय. का बंद केल्यास म्हणून विचारलं तर त्याने फोन पुढे केला. घरच्या ग्रुपवर मावशीने टाकलेला मेसेज, कमळाच्या चित्रासकट. तोवर तो माझ्याकडे आणखी तीन ग्रुपांवरून आला होता, म्हणून हे लिहितेय. नाहीतर मावशीशी फोनवर भांडून मोकळी झाले असते.

मेसेज लांबलचक आहे, पण म्हणणं एवढंच: नैराश्य, व्यसन, मोडणारे संसार, या सगळ्याचं मूळ साधनेचा अभाव. समाजसेवा म्हणजे वरवरची मलमपट्टी. संतांनी असले उद्योग केले नाहीत, फक्त नाम दिलं. आणि मनाच्या आजारावरच्या गोळ्या मन बधिर करतात, त्या सोडून नामाला लागा.

शेवटचं आधी घेते. बाकीच्या वाक्यांनी नुसतं डोकं उठतं, या वाक्याने माणूस हातचा जाऊ शकतो.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे लागतात. बंद करायच्या तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, डोस हळूहळू उतरवत. एकदम तोडल्या की भावाला झालं तेच होतं, शिवाय आजार उलटण्याची भीती. आणि मेसेजमधली खरी मेख वेगळीच आहे. बरं वाटलं तर श्रेय नामाला, नाही वाटलं तर तुमची भक्ती कमी. भाऊ मला म्हणाला, "माझंच काहीतरी कमी पडतंय गं." अरे, तो आजार त्याच्या कानात दिवसभर हेच तर सांगत असतो! आता त्याला देवाची साक्षही मिळवून दिली.

डॉक्टर नको, श्रद्धा पुरे, हा प्रयोग आपल्या देशात होऊन गेलाय. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एर्वाडीचा दर्गा आहे. मनोरुग्णांना घेऊन लोक तिथे लांबून यायचे. त्यांना ठेवून घेण्यासाठी आसपास खासगी शेड उभ्या राहिल्या. औषध नाही, पायात साखळ्या. स्वप्नात आज्ञा झाली की सुटका, असा समज. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एका शेडला आग लागली. साखळ्यांमुळे माणसांना पळता आलं नाही. २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आज स्पष्ट लिहिलेलं आहे. (हे वाचून "ते त्यांच्यात चालतं" म्हणणाऱ्यांसाठी: एर्वाडीला सगळ्या धर्मांचे लोक जात.) आपलं माणूस तिथे सोडून येणारे घरचे काही राक्षस नव्हते. मावशीसारखेच होते, कळकळीचे आणि थकलेले.

याच्या उलटही घडलंय. गुजरातमध्ये उनावा गावी मीरा दातार या सूफी संताचा दर्गा आहे. तिथे 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याची सेवा करणाऱ्या मुजावरांनाच आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं. ते दुआ करतात आणि रुग्णाला दर्ग्याच्या आवारातल्याच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. कुणाची श्रद्धा हिसकावून घेतली नाही, कुणाची गोळीही नाही. मेसेज लिहिणाऱ्याला या दोन गोष्टी एका घरात नांदतील हे सुचलंच नसावं.

आता व्यसन. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतंय, आणि ते जिवावर येतंय. दारू सोडवण्यात अध्यात्माचा आधार लागू पडतो. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वर आहे, ज्याला जसा उमगेल तसा. उपचारांवरचे अभ्यास पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास एकत्र तपासले. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीची, काही ठिकाणी सरसही ठरली. मान्य. पण ती माणसं एकत्र बसतात, एकमेकांचं ऐकतात, रात्री-अपरात्री फोन उचलतात. त्याला समाजसेवा नाही तर काय म्हणायचं? आणि सदस्यांनी एकमेकांचे डॉक्टर होऊ नये, हे त्यांनीच छापून ठेवलंय. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. तेव्हा आधी दवाखाना.

मोडणाऱ्या संसारांबद्दल फार लिहीत नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला जप वाढवायला सांगणाऱ्याशी मी वाद घालत नाही. तिच्यासाठी कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत.

'मलमपट्टी' हा शब्द शिवीसारखा वापरलाय. रक्त वाहत असताना आधी तीच करतात.

राहिले संत. ज्या महाराष्ट्रात गाडगेबाबा होऊन गेले तिथे हे वाक्य पुढे ढकलताना अंगठा अडखळला कसा नाही? दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. त्या कीर्तनात काय, तर कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, देवापुढे बकरं कापू नका, पोरांना शिकवा. देऊळ बांधलं नाही, धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. उपचार सोडून आलेले नव्हेत, उपचारांसाठी आलेले. 'गोपाला गोपाला' म्हणायला लावणाऱ्या माणसाच्या नावाने हे चाललंय.

भावाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू झाल्या. तो संध्याकाळी रामरक्षाही म्हणतो, आधीही म्हणायचा, डॉक्टरांनी कधी हरकत घेतली नाही. ज्यांना आत्ता कुणाशी बोलायची गरज आहे त्यांच्यासाठी सरकारची 'टेलिमानस' ही सेवा आहे, क्रमांक १४४१६.

मावशीला हे सगळं सांगितल्यावर तिने मेसेज काढून टाकायला घेतला, पण सगळ्यांच्या फोनमधून काढायची मुदत उलटून गेली होती. मग तिने त्याच्याखाली लिहिलं, "गोळ्यांचं सोडून बाकी सगळं खरं आहे." त्यावर आतापर्यंत चौदा जणांनी हात जोडलेत.